रोल्फिंग योगातून आलं का? आयडा रोल्फ यांच्या कामाची मुळं

रोल्फिंग म्हणजे हातांच्या संथ दाबाने स्नायूंभोवतीचं आवरण मोकळं करून शरीराची ठेवण सुधारू पाहणारी उपचारपद्धत. तिच्याबद्दल तुमचे प्रश्न तीन आहेत. कार्यशाळेत तुम्हाला सांगितलं गेलं की रोल्फिंग म्हणजे मुळात आपलाच हठयोग, एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी तो उचलून त्याला स्वतःचं नाव दिलं. हे खरं का? त्यात दहाच सेशन्स का असतात? आणि पासष्टी ओलांडलेल्या, कंबर-गुडघे धरलेल्या तुमच्या आईंना त्याचा उपयोग होईल का? मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग याच पद्धतीचा आहे. पहिल्या प्रश्नाला जास्त वेळ देते, कारण ही पद्धत कुठून आली ते नीट कळलं की तिच्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हेही कळतं.

योगाचा वाटा त्यात नक्की आहे. पण तो उचलला आणि नाव बदललं, हे म्हणणं इतिहासाला धरून नाही. या कामात निदान तीन प्रवाह मिसळले आहेत: रसायनशास्त्र, ऑस्टिओपॅथी (हाडं-सांध्यांवर हातांनी उपचार करण्याची अमेरिकन पद्धत) आणि योग. त्यांना एकत्र बांधणारा जो विचार आहे तो मात्र आयडा रोल्फ यांचा स्वतःचा.

आधी ‘डॉक्टरीणबाई’ हा गैरसमज दूर करू. आयडा पॉलीन रोल्फ यांचा जन्म १९ मे १८९६ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. १९१६ मध्ये त्या बार्नार्ड कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि १९२० मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली. म्हणजे डॉक्टर होत्या, पण वैद्यकीय नव्हेत. पहिल्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेल्यामुळे ज्या जागा मुलींसाठी उघडल्या, त्यांतली एक त्यांना न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मिळाली. तिथे त्यांनी फीबस लेव्हीन यांच्या हाताखाली काम केलं. डीएनएमधली डीऑक्सिरायबोज ही साखर ओळखणारे ते हेच लेव्हीन. रोल्फ यांचा विषय होता लेसिथिन, सेफॅलिन यांसारखे फॉस्फरसयुक्त मेदपदार्थ, आणि त्यावर त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. त्या काळात एका बाईने प्रयोगशाळेत एवढं स्थान मिळवणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि पुढे लोकांनी त्यांना केवळ ‘कॅलिफोर्नियातली हिप्पी लोकांची आजी’ करून टाकलं याचं मला वाईट वाटतं.

या प्रशिक्षणाचा त्यांच्या पुढच्या कामाशी थेट संबंध आहे. आपण फिजिओथेरपीत पहिल्या वर्षापासून स्नायू, हाडं, नसा शिकतो. या सगळ्यांना गुंडाळणारं, एकमेकांपासून वेगळं ठेवणारं आणि तरीही जोडणारं जे पांढरट आवरण असतं, ते फॅशिया, डिसेक्शन करताना कापून बाजूला टाकायची वस्तू असते. रसायनशास्त्रज्ञ त्याच्याकडे पदार्थ म्हणून पाहतो: कोलॅजेनचे तंतू आणि त्यांच्याभोवतीचं जेलसारखं द्रव्य, ज्याची अवस्था उष्णतेने, दाबाने, पाण्याने बदलू शकते. रोल्फ यांनी नेमकं हेच पाहिलं. आकार देणारं ऊतक हे आहे, आणि पदार्थ आहे म्हटल्यावर तो बदलता येईल, असं त्यांनी मानलं. या मांडणीतला एक भाग पुढे टिकला नाही, त्याबद्दल खाली लिहिते.

आता योग. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या नायॅक गावात पिअर बर्नार्ड नावाच्या गृहस्थांनी मोठा आश्रम म्हणा, क्लब म्हणा, चालवला होता. हे मूळचे आयोवा राज्यातले. त्यांचे गुरू सिल्व्हे हमाती नावाचे, नेब्रास्कात भेटलेले. १९१० मध्ये बर्नार्ड यांना अटकही झाली होती आणि वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ बदनामी केली, पण नायॅकला त्यांच्याकडे न्यूयॉर्कची सुशिक्षित, श्रीमंत मंडळी आसनं शिकायला येत. आयडा रोल्फ त्यांतल्या एक. त्या केवळ बघ्या म्हणून गेल्या नाहीत, बरीच वर्षं त्यांनी आसनांचा अभ्यास केला. आसनांमधून त्यांनी जे घेतलं ते असं: शरीर लांब करायचं, सांध्यांमध्ये जागा करायची, आणि त्यातून माणसाच्या एकूण असण्यातच फरक पडतो.

त्या पुण्याच्या अय्यंगार गुरुजींकडून शिकल्या, असंही कधीकधी ऐकू येतं. तारखा पाहिल्या तरी हे बसत नाही. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ चा, ते पुण्यात आले १९३७ मध्ये. रोल्फ नायॅकला आसनं करत होत्या तेव्हा ते लहान मूल होते. दोघांच्या कामात साम्य आहे, हे मी स्वतः दोन्ही जवळून पाहिल्यामुळे ठामपणे म्हणते. पावलाच्या कडेपासून मानेपर्यंत रेषा शोधण्याचा ध्यास दोघांकडे सारखाच आहे. पण साम्य म्हणजे वारसा नव्हे. त्याच दशकात आपल्याकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, कैवल्यधामात उड्डियान आणि नौली करताना पोटात दाब किती बदलतो हे यंत्रांनी मोजत होते, एक्स-रे काढत होते. १९२४ पासून. योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहावं ही ओढ तेव्हा दोन खंडांत एकाच वेळी होती, आणि ‘आपलं चोरलं’ या तक्रारीपेक्षा मला तरी हे चित्र जास्त मोलाचं वाटतं.

तिसरा प्रवाह ऑस्टिओपॅथीचा, आणि हाताने काय करायचं हे मुख्यतः तिथून आलं. अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातले डॉक्टर. १८६४ मध्ये त्यांची तीन मुलं मेंदूज्वराने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी आपली नवी पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल इथे शाळा काढली. त्यांचा आग्रह असा की शरीराची रचना नीट असेल तर कार्य नीट चालतं. रोल्फ यांना याची ओळख पुस्तकातून झाली नाही. तरुणपणी पश्चिमेच्या डोंगराळ भागात फिरताना त्यांना घोड्याची लाथ बसली, ताप आला, श्वास घेता येईना. एका ऑस्टिओपॅथने बरगड्यांवर काम केल्यावर श्वास मोकळा झाला, असं त्या सांगत. पुढे लाँग आयलंडवरचे एक अंध ऑस्टिओपॅथ, मॉरिसन, यांच्याशी त्यांचा दीर्घ परिचय राहिला. कवटीच्या हाडांवर काम करणारे विल्यम सदरलँड यांचाही प्रभाव दिसतो. आणि एमी कॉक्रन या ऑस्टिओपॅथबाईंकडून एक सूत्र आलं, जे आजही आम्ही रोज वापरतो: ऊतक जिथे असायला हवं तिथे हाताने आणायचं, धरून ठेवायचं, आणि मग माणसाला हालचाल करायला सांगायची.

तुम्ही मालिश आणि हे यांत फरक काय असंही विचारलं असतं तर मी एवढंच सांगितलं असतं. मालिशीत पेशंट निजलेला असतो आणि तेल लावलेला हात फिरत राहतो. इथे तेल जवळजवळ नसतंच. बोटं, बोटांची पेरं, कोपराजवळचा हात एका जागी टेकवून फार हळू सरकवायचा असतो, आणि त्याच वेळी पेशंटने टाच लांब करायची किंवा गुडघा हळूच फिरवायचा असतो. अर्धं काम त्याचं.

रोल्फ यांनी प्रत्यक्ष लोकांवर काम सुरू केलं ते १९४० च्या सुमारास, घरगुती गरजेतून. मुलांना पियानो शिकवायला त्यांना चांगली बाई हवी होती. एथेल नावाची एक उत्तम शिक्षिका सापडली, पण पडल्यामुळे तिचा हात निकामी झाला होता, तिला शिकवता येत नव्हतं. रोल्फ यांनी तिच्यापुढे सौदा ठेवला: मी तुझा हात बरा करून दाखवते, तू माझ्या मुलांना शिकव. सुरुवात योगाच्या व्यायामांनी झाली. हात सुधारला, शिकवण्या सुरू झाल्या, आणि एथेलने आपल्या ओळखीची दुखणेकरी माणसं पाठवायला सुरुवात केली. ज्यांना आसनं करताच येत नाहीत अशा माणसांचं काय करायचं, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. मग हातांनी ऊतक मोकळं करायचं आणि आसनाला अपेक्षित असलेली लांबी तिथे आणून द्यायची. योग आणि ऑस्टिओपॅथी एकत्र आले ते असे, एकेका अडलेल्या पेशंटच्या निमित्ताने.

पण रोल्फ यांचं स्वतःचं म्हणता येईल असं नवं काय? गुरुत्वाकर्षण. स्टिल यांनी रचनेचा विचार केला होता. अमेरिकेत तेव्हा पोश्चरची, म्हणजे उभं राहण्या-बसण्याच्या ढबीची, मोठी चळवळही होती, १९१४ मध्ये अमेरिकन पोश्चर लीग स्थापन झाली होती, शाळा-कॉलेजांत मुलामुलींची ढब तपासली जाई. ‘छाती पुढे, पोट आत’ हा उपदेश त्याच चळवळीतला. रोल्फ यांनी प्रश्न वेगळा विचारला: उभं राहायला इतके कष्ट का पडतात? डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर हाडं ते पेलतात. जरा पुढे गेलं की मानेमागचे स्नायू दिवसभर दोर धरल्यासारखे ताणून बसतात, त्यांच्याभोवतीचं आवरण जाड होतं, चिकटतं, आणि आता डोकं मागे आणायचं म्हटलं तरी येत नाही. कान, खांदा, खुबा, गुडघा आणि घोटा एका उभ्या रेषेवर आले, तर तेच गुरुत्वाकर्षण शरीराला खाली ओढण्याऐवजी आधार देतं. खरा थेरपिस्ट गुरुत्वाकर्षण आहे, आपण फक्त त्याची वाट मोकळी करतो, असं त्या विद्यार्थ्यांना बजावत.

यातूनच दुसरा आग्रह आला: दुखतं तिथे कारण नसतं. नऊवारीला निरीपाशी ओढ बसली की ताण खांद्यावरच्या पदराला जाणवतो. खांद्याशी कितीही सारखं केलं तरी उपयोग नाही, निरी सोडवावी लागते. शरीराचंही तसंच आहे. आणि म्हणून एकेका सांध्याला धरून न बसता सगळं शरीर ठरावीक क्रमाने घ्यायचं.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो. १९५० च्या दशकात रोल्फ अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर (हातांनी कण्यावर उपचार करणारे) मंडळींना शिकवत हिंडत होत्या. त्यांचा अनुभव निराश करणारा होता. लोक येत, दोन-चार पकडी शिकत, आपल्या पोतडीत टाकत आणि दुखऱ्या जागेवर वापरत. क्रम आणि संपूर्ण शरीर, हा गाभाच गळून पडे. तेव्हा त्यांनी दहा सेशन्सचा पाठ बसवला. त्याला सगळे ‘रेसिपी’ म्हणतात. दहा या आकड्यात गूढ काही नाही, शिकवण्याच्या गरजेतून तो आला. क्रम मात्र विचारपूर्वक लावलेला आहे.

पहिलं सेशन श्वासाचं: बरगड्या, खांदे, आणि खुब्याभोवतीचं वरवरचं आवरण. श्वासाला जागा झाली की बाकीच्या कामाला शरीरात बळ येतं. दुसरं पावलं आणि घोटे, कारण जमिनीशी नातं तिथे आहे. तिसऱ्यात दोन्ही कुशी, शेवटची बरगडी ते कंबरेचं हाड, जिथे बैठ्या कामाची माणसं आखडून गेलेली असतात. ही तीन वरच्या थरांची. चौथ्यापासून सातव्यापर्यंत आत उतरायचं: मांड्यांची आतली बाजू, मग पोट आणि त्यामागे कण्याला चिकटून खाली मांडीत उतरणारा सोअस स्नायू, मग माकडहाड आणि त्रिकास्थीचा भाग, आणि शेवटी मान, जबडा, डोकं. सोअसवर रोल्फ यांचा फार भर होता. मांडी पोटापासून उचलली जायला हवी, चालणं कंबरेपासून सुरू व्हायला हवं, असं त्या सांगत, आणि जी माणसं कंबर घट्ट धरून चालतात त्यांच्याकडे पाहिलं की याचा अर्थ लगेच कळतो. आठवं, नववं, दहावं जोडणीची. तिथे नव्याने काही मोकळं करायचं नसतं, झालेलं काम एकमेकांशी जुळवायचं असतं. नवशिका माणूस पहिली सात बरी करतो आणि या तिनांत चाचपडतो. प्रत्येक सेशन तास-दीड तासाचं, मध्ये आठवडा-दोन आठवडे अंतर.

मानेच्या दुखण्यासाठी आलेला माणूस ‘तुम्ही माझी पावलं का धरून बसलात’ असं विचारतो. उत्तर याच क्रमात आहे. सातव्या सेशनला मान घेतली जाते, कारण तोवर खाली तिला बसायला जागा तयार झालेली असते.

प्रसिद्धी मिळाली ती १९६० च्या दशकाच्या मध्यावर, तेव्हा बाई सत्तरीला टेकल्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या बिग सर किनाऱ्यावर १९६२ मध्ये मायकेल मर्फी आणि रिचर्ड प्राइस यांनी एसालेन ही संस्था सुरू केली होती. मर्फी स्वतः त्याआधी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून आलेले. गेस्टाल्ट मानसोपचाराचे फ्रिट्झ पर्ल्स तिथे राहत आणि त्यांना हृदयाचा त्रास होता. त्यांनी रोल्फ यांना बोलावलं, सेशन्स घेतली, आणि या बाईंमुळे मी जगलो असं ते सांगू लागले. मग रांग लागली. स्ट्रक्चरल इंटिग्रेशन हे मूळ नाव मागे पडून ‘रोल्फिंग’ हे टोपणनाव तिथल्याच लोकांनी रूढ केलं. म्हणजे स्वतःचं नाव स्वतः दिलं, हाही आरोप टिकत नाही.

एसालेनने या कामाचं भलंही केलं आणि नुकसानही. जगभर ते पोचलं ते तिथून. पण सेशनमध्ये रडू फुटणं, जुन्या आठवणी वर येणं यालाच तिथे महत्त्व आलं, आणि जितकं दुखेल तितकं खोल काम झालं ही समजूत पसरली. रोल्फ यांना मानसोपचार करायचा नव्हता, त्यांना रेषा हवी होती. त्यांचा हात जड होता हे मात्र त्यांचे विद्यार्थीही मान्य करतात. आजच्या चांगल्या प्रॅक्टिशनरचा हात बराच हलका झाला आहे आणि मला ती सुधारणाच वाटते. दात-ओठ खाऊन सहन करणारा माणूस आतून आखडतो. त्याचं ऊतक सुटत नाही.

१९७१ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे रोल्फ इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९७७ मध्ये त्यांचं मुख्य पुस्तक आलं, आणि १९ मार्च १९७९ रोजी त्या गेल्या. पुढे शाखा फुटल्या. ज्युडिथ ॲस्टन यांनी हालचालीच्या शिक्षणावर भर दिला, जोसेफ हेलर यांनी हेलरवर्क काढलं, १९९० च्या सुमारास जुन्या शिक्षकांच्या एका गटाने वेगळं होऊन ‘गिल्ड’ नावाची संस्था काढली. ‘रोल्फिंग’ हे नोंदणीकृत नाव असल्यामुळे बाकीचे स्ट्रक्चरल इंटिग्रेशन म्हणतात, पण झाड एकच.

आता जे टिकलं नाही ते. हाताच्या दाबाने आणि उष्णतेने आवरणातलं जेल पातळ होतं आणि कोलॅजेनचा आकार कायमचा बदलतो, असं रोल्फ यांचं स्पष्टीकरण होतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दिसलं की मांडीच्या बाहेरचं ‘फॅशिया लाटा’ नावाचं आवरण आणि तळपायाचं आवरण जरासं बदलायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं बल लागतं. हा अभ्यास करणाऱ्यांत रॉबर्ट श्लाइप आणि थॉमस फिंडली होते, आणि दोघेही स्वतः रोल्फर. आपल्याच गुरूचं स्पष्टीकरण आकडे मांडून खोडायला धैर्य लागतं, आणि मला या परंपरेबद्दल आदर वाटतो तो अशा माणसांमुळे. फॅशियावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००७ मध्ये बोस्टनला हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये भरली, तीही याच मंडळींच्या धडपडीतून. आज आम्ही असं समजतो की या आवरणात संवेदना टिपणारी टोकं भरपूर आहेत, संथ दाबाने मज्जासंस्थेला नवी माहिती मिळते आणि ती स्नायूंचा ताण उतरवते. आकार कापडासारखा ओढून बदलत नाही, धरून ठेवण्याची सवय सुटते.

दुसरं, वाकडी ढब म्हणजे दुखणारच, असं सरळ नातं संशोधनात आढळत नाही. सरळ उभ्या माणसांची कंबर दुखते आणि पोक काढून चालणारे मजेत असतात. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१५ मध्ये सतरा नैसर्गिक उपचारपद्धतींचा आढावा घेतला, त्यात रोल्फिंगही होतं, आणि एकाही पद्धतीबद्दल परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. मी पेशंटला हे आधीच सांगते. कण्याची चकती जागेवर आणणं, संधिवात बरा करणं, असली आश्वासनं कुणी दिली तर तिथून उठून या. श्वास मोकळा होणं, हालचाल सोपी होणं, उभं राहताना थकवा कमी वाटणं, हे मात्र मी माझ्या टेबलवर सतत पाहते, आणि त्यासाठी हे काम करते.

आईंबद्दल. पासष्टीनंतर पहिला प्रश्न हाडांचा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. हाडं ठिसूळ असतील तर बरगड्या आणि कण्यावर जोराचं काम अजिबात नको. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, पायात गुठळी झाल्याचा इतिहास असेल, पोटरी एकाच बाजूची सुजून दुखत असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील किंवा ताप असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. गुडघ्याची झीज असेल तर मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि चालणं यांना पर्याय नाही. रोल्फिंग त्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्या जागी नाही. भारतात या पद्धतीला वेगळी सरकारी नोंदणी नाही, म्हणून माणूस निवडताना तो फिजिओथेरपिस्ट किंवा वैद्यकीय पात्रतेचा आहे का आणि त्याने या पद्धतीचं पूर्ण प्रशिक्षण कुठे घेतलं, हे स्पष्ट विचारा. आठवडाअखेरच्या कार्यशाळेवर हे येत नाही. एकदम दहा सेशन्सचे पैसे भरू नका. पहिली तीन घ्या, ती तशीही एक पूर्ण टप्पा आहेत. त्यानंतर आईंना जिना चढताना, खुर्चीतून उठताना, रात्री कुशीवर वळताना काही फरक वाटतो का ते त्यांनाच विचारा आणि मग पुढचं ठरवा. हलका हात ठेवा असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगावं, आणि दुखलं तर लगेच थांबवायला सांगावं. वडीलधारी माणसं संकोचाने गप्प राहतात, म्हणून पहिल्या सेशनला तुम्ही खोलीत बसा.